वास येतो का, जनू?

पेण
२० मार्च १९९५

चिरंजीव जनूला हौसातायचा आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल. पेणला येऊन वर्ष होत आलं. खाडीचा बांध फुटून मिठागर बुडालं तेव्हा तू म्हणाला होतास, ‘ताय, बाजारगावात पाय रोवणं सोपं नाय.’ रोवले बघ! तुझे भावोजी डोलवीला कंपनीच्या बांधकामावर लागले. त्यांचा डबा बघून सोबतचे चौघं म्हणाले, ‘काळुराम, आम्हालापण घरचं जेवण दे.’ चारांचे दहा झाले, दहांचे बावीस. रोज सकाळी डोलवीच्या गाडीत माझे बावीस डबे चढतात.

अडचण स्वयंपाकघराची हाय. खोली दहा बाय आठ, त्यात एक चूल नि दोन स्टोव्ह. खिडकी एकच, ती रस्त्याकडे. मागची भिंत घरमालक दत्ताशेटच्या गणपतीच्या कारखान्याला लागून, मधे फक्त चिंचोळा बोळ. सुकट भाजली की धूर कौलांखाली घोटाळतो आणि भिंतीवरून तिकडे उतरतो. शेट माणूस बरा. त्याची म्हातारी आई बायजाबाई मात्र माळकरी. मी तव्यावर जवळा टाकला की तिकडून खोकल्याचा आवाज येतो. खोकला नसतोच, नुसता आवाज. शेट म्हणतो, ‘हौसाबाय, वास मी सोसेन, पण तेलकट धूर कच्च्या मूर्तींवर बसला की रंग धरत नाय. कायतरी करा.’

तर मी ठरवलंय, स्वयंपाकघरच नवीन करायचं. उभ्यानं रांधायला ओटा, भांड्यांना फळ्या आणि धुराला वाट. भिशीचे अठराशे रुपये हातात हायत. त्यातच बसवायचं. तू आयटीआय शिकलेला फिटर, कंपनीत माणसाएवढाले पाईप जोडतोस. चुलीवरचा धूर नि वास कसा काढायचा ते मला सांग. फोन केला असता, पण फोनवर आकृती काढता येत नाय.

भावजय बेबीला आणि पोरांना आशीर्वाद.
हौसाताय


रोहा
२८ मार्च १९९५

ती. हौसातायला जनूचा नमस्कार.

पत्र मिळालं. कोपऱ्यात तेलाचा डाग होता, म्हणजे चुलीशेजारी बसूनच लिहिलंस. बेबी म्हणाली, ‘पत्रालापण जवळ्याचा वास येतोय.’ पोरं हसली.

आता नीट वाच. सोबत आकृती काढली आहे. चूल आणि दोन्ही स्टोव्ह एका रांगेत मागच्या भिंतीला लाव. त्यांच्यावर पत्र्याची टोपी येईल. टोपी चुलीपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठी पाहिजे, नाहीतर धूर कडेनं निसटतो. टोपीत बारीक जाळी बसवायची, तेल तिथे अडतं. जाळी दर आठवड्याला सोड्याच्या गरम पाण्यात धुवायची. टोपीच्या तोंडाशी पंखा आणि पुढे पाईप. पंखा इथल्या भंगारवाल्याकडे मिळेल, मोटर मी बांधून घेईन. टोपीपण इथेच वळवून घेतो. पावसाळ्याच्या तोंडावर कौलं उघडायला नकोत, म्हणून पाईप मागच्या भिंतीतून बोळात काढू आणि तिथून वर नेऊ.

एक गोष्ट विसरू नकोस. बाहेर हवा जायची तर आत हवा यायला हवी. दाराच्या खालच्या फळीला दोन बोटांची फट ठेव.

तुझा
जनू


पेण
९ एप्रिल १९९५

चि. जनूला आशीर्वाद.

ओटा झाला! कडाप्पा विकणाऱ्याकडे कोपरा तुटलेली लादी पडून होती. तो म्हणाला, ‘बाई, ही कोणी घेत नाय.’ मी म्हटलं, ‘कोणी घेत नाय ती मला अर्ध्या भावात दे, तुझीपण जागा मोकळी होईल.’ तुटका कोपरा भिंतीत गाडला, आता कोणाला सांगून खरं वाटायचं नाय.

विठू गवंड्याशी मात्र दोन दिवस भांडण. तो सगळ्यांकडे बांधतो तेवढ्याच उंचीचा ओटा बांधायला निघाला. मी त्याला थांबवलं. विटांची चळत रचली, वर परात ठेवली आणि उभ्यानं पीठ मळून दाखवलं. तीन विटा कमी केल्या तेव्हा पाठीचा ताण गेला. म्हटलं, ‘इथपर्यंत. भाकऱ्या तू नाय, मी थापणार.’ भावोजी बाजूला बसून हसत होते. म्हणाले, ‘विठू, आम्ही पंधरा वर्षांपूर्वी शरण गेलो, तूपण जा.’

जुन्या दाराच्या फळ्यांची मांडणी केली. दाराखाली फट ठेवली. तिच्यातून पहिल्याच दिवशी मांजर डोकावलं, पण आत शिरायला जमलं नाय.

बायजाबाई काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली. ‘राजवाडा बांधतेस का गो?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘तुमच्यासाठीच बांधते, आजी. तुमचा खोकला बरा व्हायला पायजे.’

आता तुझी वाट बघते.
हौसाताय


रोहा
२४ एप्रिल १९९५

ती. तायला नमस्कार.

टोपी तयार आहे, पंखाही फिरतो. चौदा मे, रविवार, पहिल्या गाडीनं येतो. पाईपचे चार तुकडे आणि दोन वळणं आणीन. भिंतीला भोक पाडून ठेव, आठ इंची.

माझ्यासाठी खास काही करू नकोस. सध्या जेवण कमी झालं आहे. उन्हाळा आहे.

जनू


पेण
१६ मे १९९५

जनू,

नमस्कार-आशीर्वाद नंतर. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तू माझी थट्टा केलीस का?

रविवारी तू सगळं जोडलंस. अगरबत्ती पेटवून टोपीखाली धरलीस आणि दाखवलंस, ‘बघ ताय, धूर कसा सुतासारखा वर जातो.’ मग म्हणालास, बोंबील तळ, जवळा भाज, जे जे घाणेरडं ते सगळं कर. मी केलं. तू दत्ताशेटच्या कारखान्यात जाऊन उभा राहिलास. मी इकडून ओरडले, ‘वास येतो का, जनू?’ तू तिकडून ओरडलास, ‘अजिबात नाय!’ मी परत विचारलं. तू परत तेच. शेटकडे रविवारी कोणी नव्हतं, नायतर तेव्हाच तमाशा झाला असता. माझं नाक दिवसभर त्या वासातच असतं, मला स्वतःला काय कळणार? म्हणून मी तुझ्या नाकावर भरवसा ठेवला.

काल मी मोठ्या दिमाखात बायजाबाईला बोलवायला गेले. ‘या आजी, सुकट भाजतेय, कारखान्यात बसा आणि सांगा.’ ती बसली. मी तवा ठेवला, पंखा लावला. पाच मिनिटांत ती पदर नाकाला लावून माझ्या दारात. ‘आधी निदान धूर घोटाळून येत होता गो. आता तू पाईप लावून पाठवतेस!’ शेट बाहेर आला. तो काय ओरडला नाय. मूर्तीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला तेल.

आता तुला लपवलेलं सांगते. शेटनं मला मार्चमध्येच सांगितलंय, आखाड लागायच्या आत हे थांबलं नाय तर खोली रिकामी करायची. आखाडात त्याचं रंगाचं काम भरात असतं. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. बावीस माणसांचं जेवण हाय माझ्या हातात, जनू. दुसरी एवढी स्वस्त खोली मला पेणमध्ये मिळायची नाय.

खरं काय ते लिही.
हौसाताय


रोहा
२४ मे १९९५

ती. तायला नमस्कार.

खोलीचं आधी का नाही सांगितलंस? माहीत असतं तर मी घाई केली नसती.

बोळातला सांधा मी गेल्यावर ढिला झाला असेल. रविवारी वाराही उलटा होता, सोमवारी फिरला असेल. सांध्यावर एम-सील लाव, वरून सुतळी गुंडाळ. मला त्या दिवशी थोडी सर्दी होती, त्यामुळेही कदाचित लक्षात आलं नसेल.

पुढच्या महिन्यात बघतो. शिफ्ट बदलते आहे.

जनू


पेण
२७ मे १९९५

जनू,

सर्दी होती म्हणतोस. दिवसभरात एकदापण तू नाक पुसलं नाय.

मी दुसरं बघितलं ते सांगते. काम झाल्यावर तू मोरीजवळच्या फडक्यानं तोंड पुसलंस. ते माझं स्टोव्हचं फडकं, घासलेटानं भिजलेलं. मी हसले, तूपण हसलास, पण मी सांगेपर्यंत तुला कळलं नव्हतं. आणि मी रायवळ आंबा दिला तो तू तसाच चोखलास. लहानपणी तू आंबा हुंगल्याशिवाय तोंडाला लावत नव्हतास. आई किती ओरडायची, ‘कुत्रा हायस का?’

मला रागवायचं नाय. एकच विचारते.

तुला वास येतो का, जनू?

तुझी ताय


रोहा
५ जून १९९५

ताय,

नाही येत.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता जे होईल ते लिहितो.

दिवाळीनंतर मला पंधरा दिवस ताप होता, तुला आठवत असेल. ताप उतरला आणि वास गेला. वाटलं सर्दी आहे, जाईल. संक्रांत झाली, होळी झाली. काही नाही. ना फुलाचा, ना फोडणीचा, ना माझ्या घामाच्या शर्टाचा. जेवण म्हणजे गरम आणि गार, खारट आणि तिखट, एवढंच उरलं आहे.

बेबीला सांगितलं नाही. एकदा तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि नळावर गेली. मी समोर पेपर वाचत बसलो होतो. दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं झालं. ती धावत आली. मी म्हटलं, डोळा लागला होता. ती म्हणाली, ‘तुमचं हल्ली घरात लक्षच नाय.’ मी ऐकून घेतलं.

कंपनीत सांगितलं नाही त्याचं कारण वेगळं. मी ज्या खात्यात आहे तिथे मीटर आहेत, अलार्म आहेत, पण जुना फिटर नाकावर चालतो. कुठे जरा गॅस गळला की मीटरच्या आधी त्याला कळतं. बारा वर्षांत माझं नाव झालं आहे. ‘जनूला विचारा, जनूचं नाक सांगेल.’ त्या जनूनं जाऊन काय सांगायचं?

एप्रिलमध्ये एका व्हॉल्व्हशी काम करत होतो. सोबत पोपट होता, तीन वर्षांपूर्वी लागलेला. मी पाना लावून बसलो होतो आणि त्यानं मला खांद्याला धरून मागे ओढलं. ‘जनूभाऊ, नाकात बोळे घातलेत का? गळतंय!’ थोडंसंच होतं, लगेच बंद केलं, कोणाला काही झालं नाही. पण तो नवा आणि मी जुना. त्याला मी सांभाळायचं. आणि मी त्याला काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, ‘तुझी परीक्षा बघत होतो.’ तो खूश झाला, ताय. चहा पाजला त्यानं मला.

शेटच्या कारखान्यात उभा राहिलो तेव्हा मला धूर दिसला नाही, म्हणून मी ‘नाय’ ओरडलो. डोळ्यांनी वास बघत होतो. तुझी खोली जायची वेळ माझ्यामुळे आली.

जनू


पेण
८ जून १९९५

जनू,

पत्र आत्ता मिळालं. भाकरी तव्यावर होती ती खाली उतरवून लिहायला बसले.

खोलीचं सोड. वास माझ्या सुकटीचा होता, तू आणलेला नव्हतास. पाईप चुकला तर पाईप बदलता येतो. पण तू त्या व्हॉल्व्हजवळ अजून जातोस, हे आधी थांबव. पोपट त्या दिवशी सोबत होता. उद्या तो सुट्टीवर असला तर? किंवा तुझ्यावर विसंबून कोणी पुढे गेला तर? मी तुझ्यावर विसंबले, माझी फक्त फजिती झाली. तिकडे फजितीवर भागायचं नाय.

आज बेबीला सांग. उद्या साहेबाला सांग. पोपटालापण खरं सांग, त्याला ते कळायचा हक्क हाय. आणि हे तिन्ही झाल्याशिवाय माझ्या दारात पाईप घेऊन यायचं नाय. खानावळ बंद पडली तरी चालेल, मी परत मिठाच्या टोपल्या उचलीन, त्या मी विसरलेली नाय.

तुझं नाक गेलंय, जनू. जीभ नाय गेली. बोल.

ताय


रोहा
१७ जून १९९५

ती. तायला नमस्कार.

बोललो.

बेबीला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती आधी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘म्हणजे माझं जेवण बेचव झालं नव्हतं?’ ताय, सात महिने ती मसाले बदलत होती. एकदा नागोठण्याहून मिरची आणली, एकदा आईकडून तिरफळं मागवली, खोबरं जास्त, खोबरं कमी. मी काहीच बोलत नाही म्हणून तिला वाटत होतं, आपला हात गेला. मला हे ठाऊकच नव्हतं. मी माझंच लपवत बसलो होतो. आता तिनं गॅसवरचं काही एक मला एकट्याला बघायचं नाही असा कायदा केला आहे. तुला आधी सांगितलं म्हणून दोन दिवस अबोलाही धरला.

साहेबांनी ओरडावं असं वाटत होतं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तरी एवढंच झालं असतं, जे आज होतंय.’ त्या खात्यातून मला काढलं. पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये टाकलं आहे. तिकडचा भत्ता गेला, पगार तोच. माझी जागा पोपटला दिली. त्याला एप्रिलचं खरं सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, ‘चहाचे पैसे परत द्या.’ आणि दोघंही हसलो.

आता तुझा पाईप. चूक कुठे झाली ते कळलं. पंखा मी टोपीच्या तोंडाशी बसवला होता. पंखा पुढे हवा ढकलतो, म्हणजे पुढच्या सगळ्या पाईपात दाब. वळणाचा सांधा जरा ढिला असला की वास तिथून बाहेर फेकला जातो, आणि तो सांधा नेमका कारखान्याच्या झरोक्यासमोर. आता उलटं करायचं. पाईप सरळ वर, कौलांतून, एकही वळण नाही. पंखा वरच्या टोकाला, त्यावर पावसाची टोपी. मग आतल्या पाईपात ओढ असते. सांधा ढिला असला तर बाहेरची हवा आत येईल, आतला वास बाहेर जाणार नाही. कौलाशी पत्र्याची पाटी लावायची. पाटी वरच्या कौलाच्या खाली आणि खालच्या कौलाच्या वर, म्हणजे पाणी आत येत नाही.

पाटी मी वर्कशॉपमध्ये साहेबांना विचारून स्वतः ठोकली. नव्या खात्यात लगेच सुट्टी मागता येत नाही. सामान ओळखीच्या टेम्पोतून पाठवतो. आकृती सोबत. पंखा उतरवणं-चढवणं विठूला जमेल, वायर मात्र वायरमनकडूनच जोडून घे.

वास आहे की नाही ते कोणाला तरी विचार. मला नको.

जनू


पेण
२९ जून १९९५

चि. जनूला आशीर्वाद.

कालपासून आखाड लागला आणि मी अजून याच खोलीत हाय. आता ऐक कसं झालं ते.

विठूनं कौलं काढली, पाईप उभा केला, तू आखलंस तसाच. त्याच दिवशी वरून धो धो ओतलं, थेंब आत आला नाय. वायरमननं पंखा चालू केला. आता वास बघायला कोण? भावोजींना तंबाखूपुढे काय कळत नाय. विठू म्हणाला, ‘मला सुकट आवडते, मला वास खटकणार कसा?’ तेव्हा माझ्या डोक्यात आलं. अख्ख्या आळीत सगळ्यात तिखट नाक कोणाचं? मग तिलाच विचारायला पायजे!

गेले बायजाबाईकडे. ‘आजी, तक्रार तुमची, तर वास शोधायलापण तुम्हीच चला.’

‘मी? सुकटीच्या घरात?’

‘घरात नको. तुमच्याच कारखान्यात उभं राहायचं. मी भाजते, तुम्ही सांगा.’

म्हातारी काठी घेऊन निघाली. मी जवळा तव्यावर टाकला. तिनं आधी दाराशी हुंगलं, मग मूर्तींच्या रांगेतून फिरली, मग माळ्याखालच्या झरोक्याशी गेली आणि भिंतीवर काठी आपटली. ‘इथं हाय. इथून येतो.’ विठू बोळात शिडी लावून चढला. तू पहिल्यांदा पाडायला लावलेलं आठ इंची भोक! माझ्या बाजूनं आम्ही बुजवलं होतं, पण बोळाच्या बाजूनं कडेला आरपार फट राहिली होती. विठूनं तिथल्या तिथे सिमेंट कोंबलं.

दुसऱ्या दिवशी परत भाजलं. आजी परत फिरली. ‘इथं नाय. इथं नाय. इथंपण नाय.’ तिसऱ्या दिवशी मी बोलवायच्या आधीच काठी वाजली. मी म्हटलं, ‘आजी, आता सवय लागली वाटतं.’ ती म्हणाली, ‘कामात खोट राहू नये गो.’ आणि जाता जाता हळूच, ‘जवळ्यात कांदा कमी घालतेस तू. दुप्पट घाल, आणि कोकम शेवटी.’

‘तुम्हाला काय ठाऊक?’

‘माळ गळ्यात लग्नानंतर आली. त्याआधी मीपण खाडीकाठची, खारेपाटातलीच ना!’

शेटला सांगू नकोस म्हणाली. म्हणून तुला सांगते.

हौसाताय


रोहा
१२ जुलै १९९५

ती. तायला नमस्कार.

तुझं पत्र बेबीनं मोठ्यानं वाचलं. सगळे पोट धरून हसलो.

अलिबागला डॉक्टरांना दाखवून आलो. ते म्हणाले, तापानं असं होतं कधी कधी. येईल किंवा येणार नाही, दोन्ही होतं, कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. मी म्हटलं, बरं.

वर्कशॉपचं काम चांगलं आहे. पत्रा डोळ्यांनी आणि हातांनी कळतो. साहेबांनी परवा दोन मोठ्या टोप्यांचं काम माझ्याकडे दिलं. पूर्वीसारखी माणसं मला बोलवायला येत नाहीत, तेवढं सोडलं तर दिवस बरा जातो.

जेवण तेवढं अवघड जातं. ताटावर बसतो, बेबी समोर बसते, मी नीट जेवावं म्हणून बघत राहते. मी जेवतो. खोटं सांगायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून ‘छान झालंय’ म्हणता येत नाही, आणि काही न बोलता उठलं तर तिचा चेहरा उतरतो. असो. हेही जमेल.

गटारीला तुझ्याकडे गर्दी असेल. सांभाळून.

जनू


पेण
३० जुलै १९९५

चि. जनूला आशीर्वाद.

गटारीला एक्केचाळीस डबे गेले! श्रावण लागायच्या आत सगळ्यांना खाऊन घ्यायचं होतं. कोलंबी, बोंबील, सुक्या मांदेलीचं कालवण, दोन शेगड्या उसन्या आणल्या होत्या. शेजारी शेटच्या कारखान्यात सहा माणसं रंगाला बसलेली, मुंबईचं एक गिऱ्हाईक मूर्ती निवडायला आलेलं. मी पंखा लावला, दाराखालची फट मोकळी केली आणि मागे वळून बघितलं नाय.

दुपारी शेट दारात. ‘हौसाबाय, आज सुट्टी घेतली का? स्वयंपाक दिसत नाय.’ मी बाजूला झाले आणि ओटा दाखवला. तो बघतच राहिला. मग म्हणाला, खोलीचं आता परत काढायचं नाय, पाहिजे तितकी वर्षं राहा. आणि त्याला आता रंगाच्या फवाऱ्याची वाफ काढायला तसाच पंखा पायजे. मी तुझं नाव सांगितलं. हेपण सांगितलं की पत्रा जनू करील, पण वास बायजाबाई बघेल, कारण माझ्या भावाला वास येत नाय. लपवायचं काय त्यात? शेट म्हणाला, ‘चालेल की. आईला तेवढंच काम.’ सुट्टीच्या दिवशी ये, माप घेऊन जा.

आता तुझ्या जेवणाचं. मी त्यावर बराच विचार केला. एवढे महिने मी वास घालवायच्या मागे होते. तुझं पत्र आलं तसं मला वाटलं, आपण काय घालवतोय ते निदान एकदा नीट हुंगून तरी बघू. म्हणून गटारीच्या सकाळी कामाला लागायच्या आधी मी पंखा बंद ठेवला, थोडा वेळ, आणि लक्ष दिलं.

चुलीत बाभळीचं ओलं लाकूड होतं. त्याचा वास आंबूस, डोळ्यांत जाणारा. लसूण ठेचला, तो आधी तिखट आणि तेलात पडला की गोड. तांदळाच्या पिठाची उकड काढली, तिला शेतात भात पोटरीला येतो तेव्हाचा वास असतो, कोवळा. जवळा भाजताना पहिला वास खाडीचा, ओहोटीच्या चिखलाचा. मग तो सरतो आणि शेंगदाण्यासारखा खमंग येतो, आणि त्याच क्षणी तवा उतरवायचा, अजून थांबलं तर कडू होतो. सगळ्यात शेवटी कोकम पडलं की बाकीचे सगळे वास एकदम गप्प बसतात, गलक्यात मास्तर आल्यासारखे.

मला एवढंच लिहिता आलं. बेबी याहून चांगलं सांगेल, जेवण तिच्या हातचं हाय. तिला सांग, आजपासून ताट वाढलं की समोर बसून नुसतं बघायचं नाय. कशाचा वास कसा येतोय ते तोंडानं सांगायचं. आज तिला सुचलं नाय तर हे पत्र वाचू दे.

ती वाचेल. तू जेव.

तुझी
हौसाताय